जंगली महाराज रस्ता : खड्डे सोडून बोलू (जमलं तर)

नदीकाठचा

पुण्याबाहेरच्या माणसाला जंगली महाराज रस्त्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते. १९७६ साली केला आणि पुढे कित्येक वर्षं त्याला खड्डा पडला नाही. दर पावसाळ्यात ही कथा वर्तमानपत्रांत नव्याने छापून येते, व्हॉट्सॲपवर फिरते आणि गणपती बसले की लोक विसरतात. कथा खरी आहे. पण तिच्यामुळे या रस्त्याचं बाकी सगळं झाकलं गेलंय असं मला फार दिवसांपासून वाटतंय, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. पुण्यातले नावाजलेले रस्ते बहुतेक दुकानांमुळे नावाजलेत. लक्ष्मी रस्त्यातून साड्या आणि सोनं वजा करा, काय उरतं? विसर्जन मिरवणूक, तीही वर्षातून एकदा. जंगली महाराज रस्त्यावरची सगळी दुकानं उद्या बंद झाली तरी तिथे जायला कारणं उरतील. एक लेणं आहे, एक समाधी आहे, एक बाग आहे, एक नाट्यगृह आहे. चारही ठिकाणी तासभर टेकलात तरी 'काय पाहिजे?' असं विचारायला कुणी येत नाही. (प्रयोगाला तिकीट लागतं हे मान्य. आवारात बसायला लागत नाही.)

ज्यांना पुणं माहीत नाही त्यांच्यासाठी भूगोल. डेक्कनला खंडुजीबाबा चौकाचं टोक, दुसरं टोक संचेती हॉस्पिटलच्या चौकात. मधलं अंतर दोन-अडीच किलोमीटर. एका अंगाला वरच्या बाजूने फर्ग्युसन रस्ता, दुसऱ्या अंगाला खाली मुठा, आणि हा मधोमध. फर्ग्युसन आणि हा, दोन्ही एकेरी वाहतुकीचे.

आता इतिहास. पेशव्यांचं पुणं नदीच्या उजव्या तीरावर संपायचं. पलीकडे भांबुर्डे गाव, शेतं, रान. पानिपतानंतर १७६१ मध्ये लाकडी पूल झाला आणि येणंजाणं वाढलं, तरी पलीकडचं ते पलीकडचंच राहिलं. गंमत अशी की या 'पलीकडच्या' भागातलं पाताळेश्वर अलीकडच्या सगळ्या पुण्यापेक्षा जुनं आहे. राष्ट्रकूटांच्या काळातलं, आठव्या शतकातलं लेणं. शनिवारवाडा १७३२ चा, म्हणजे त्याच्याआधी हजारेक वर्षं इथे कुणीतरी छिन्नी घेऊन बसलेलं होतं. वेरूळसारखं डोंगराच्या पोटात शिरलेलं हे नाही. सपाट जमिनीवरून खाली खोदत नेलंय, त्यामुळे रस्त्यावरून जाताना दिसतच नाही. अंगणात गोल छपराचा नंदीमंडप आहे, तोही त्याच खडकातला, मोठ्या छत्रीसारखा. आणि लेणं अपुरं आहे. भिंतींवर कोरायचं राहून गेलंय ते दिसतं. काम का थांबलं यावर मी बरेच सिद्धांत ऐकलेत, त्यातला एकही मला पटलेला नाही.

शेजारी जंगली महाराजांची समाधी. भांबुर्ड्याच्या रानात राहणारे साधू, म्हणून लोक जंगली महाराज म्हणू लागले. १८९० मध्ये त्यांनी समाधी घेतली. तेव्हा इथे आजच्यासारखा रस्ता कुठला असायला? मंदिर आधी, रस्ता मागाहून. पुढे भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं, रेल्वे स्टेशनचंही नाव बदललं, आणि जुनं नाव आता सातबाऱ्यावर आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तेवढं सापडतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात त्या फर्ग्युसन रस्त्याने. ज्ञानेश्वर पादुका चौक, तुकाराम पादुका चौक, दोन्ही तिकडे. म्हणजे जुनी वहिवाटीची वाट ती. फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं, डेक्कन जिमखाना १९०६ चा. शहर नदी ओलांडून आलं ते आधी वरच्या अंगाला, टेकडीच्या बाजूने स्थिरावलं. नदीला लागून असलेली ही खालची पट्टी त्यामानाने मागे राहिली, आणि मागे राहिली म्हणूनच तिथे बागेला नि नाट्यगृहाला जागा मिळाली, असा माझा तर्क आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि डेक्कनपर्यंत पाणी चढलं. पुलाची वाडी उद्ध्वस्त झाली. आणि त्यानंतर सव्वा वर्षात, ८ ऑक्टोबर १९६२ ला, याच नदीकाठी नाट्यगृहाचं भूमिपूजन झालं, तेही खुद्द बालगंधर्वांच्या हातून. पेठांतल्या वाड्यांच्या भिंतींवरची पुराची रेघ अजून पुसली गेली नसेल तेव्हा. मला त्या काळच्या पुणेकरांचं याबद्दल कौतुक वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. खड्ड्यांबद्दल शक्यतो नको.

शुक्रवारपेठी

धागा छान. फक्त 'अलीकडच्या सगळ्या पुण्यापेक्षा जुनं' हे वाक्य पेठेत येऊन मोठ्याने म्हणून दाखवा, चहा माझ्याकडून.

आमच्या आजोबांच्या लेखी नदीपलीकडे राहणारा माणूस म्हणजे पुण्याबाहेर गेलेला. डेक्कनला बिऱ्हाड केलेल्या त्यांच्या भावाला ते पोस्टकार्ड पाठवायचे. राहायला इथेच, सायकलवर दहा मिनिटं, तरी पोस्टकार्ड. आणि गणपतीला तो भाऊ घरी आला की 'गावाकडे पाऊसपाणी कसं आहे?' असं विचारायचे. त्यामुळे तुमचं 'मागे राहिलेली पट्टी' मला पटतं. आमच्या दृष्टीने ती अजून मागेच आहे.

लक्ष्मी रस्त्याबद्दल जे लिहिलंय त्याचं उत्तर वेगळ्या धाग्यात देईन.

खडी_मुरूम

धागाकर्त्यांनी खड्डे नको म्हटलंय, पण आयुष्य रस्त्याच्या कामांवर गेलं, गप्प बसवत नाही. एकदाच सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पावसात पुण्यातले रस्ते उखडले आणि लोक चिडले. श्रीकांत शिरोळे तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष होते. शिरोळे म्हणजे भांबुर्ड्याचंच जुनं घराणं, हेही जाता जाता नोंदवा. मुंबईत पाऊस पुण्यापेक्षा किती तरी जास्त, मग तिथले काही रस्ते टिकतात कसे, हा त्यांचा प्रश्न. चौकशीत रेकॉन्डो कंपनीचं नाव निघालं. पारशी बंधूंची कंपनी. तिला जंगली महाराज रस्त्याचं काम दिलं गेलं आणि कंपनीने दहा वर्षांची हमी दिली. खर्च सांगतात तो १५ लाखांचा. रस्ता १९७६ च्या सुरुवातीला झाला. हमीची दहा वर्षं संपली, वीस झाली, तीस झाली, रस्ता होता तसाच.

आता लोक म्हणतात 'पारशांनी काय मसाला घातला कोण जाणे'. मसाला-बिसाला काही नाही. तेव्हाची सर्रास पद्धत म्हणजे खडी अंथरायची, वरून डांबर शिंपडायचं, बारीक खडी टाकायची आणि रोलर फिरवायचा. रेकॉन्डोने केलं ते हॉटमिक्स. त्यात खडी आणि डांबर प्लांटवरच दीडशे अंशांच्या आसपास तापवून कालवतात. प्रत्येक दगडाला डांबराचा लेप बसतो. ताडपत्री घालून डंपर साइटवर यायचा, माल गरम आहे तोवर पसरायचा आणि गरम आहे तोवर दाबायचा. शंभर अंशांच्या खाली उतरला की रोलर नुसता वरून फिरतो, आत पोकळी राहते. पोकळीत पाणी शिरतं, चाकाच्या दाबाने ते पाणी खडीवरचं डांबर सोडवतं, एक दगड निघाला की शेजारचा सैल होतो. झाला खड्डा. डांबराचं वैर ट्रकशी कमी आणि पाण्याशी जास्त.

म्हणून उतार. रस्ता मधे उंच हवा आणि दोन्हीकडे दोन टक्के तरी उतरता हवा, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर. कडेची गटारं वाहती हवीत. जंगली महाराज रस्त्याला मुळात नदी शेजारी आहे, पाण्याला जायला वाट आहे. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते सांगतो. पाताळेश्वर खाली खोदलंय म्हणजे काय? त्या टप्प्यात जमिनीखाली लगेच काळा पाषाण आहे. असला पाया आयता मिळाला तर कुठल्याही रस्त्याला निम्मी लढाई जिंकल्यासारखी. काळ्या मातीवर तोच माल, तोच रोलर वापरा आणि मग दहा वर्षांची हमी द्या बघू.

गोष्टीचा शेवट नेहमी असा करतात की रेकॉन्डोला पुण्यात पुन्हा काम दिलं नाही, कारण रस्ते टिकले तर बाकीच्यांनी खायचं काय. टाळ्या मिळतात या वाक्याला. माझ्या मते खरी गंमत हमीच्या कागदात आहे. दहा वर्षं स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची म्हटल्यावर कंत्राटदार आपणहून रोलरवर उभा राहतो, इंजिनिअरने हाका मारायची गरज नाही. हल्लीही करारात दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे रस्ता बिघडला तर कंत्राटदारानेच दुरुस्त करायची मुदत. पण रस्ता झाल्यावर सहा महिन्यांत केबलवाला येऊन चर खणतो, चर वरवर बुजवतो, आणि मग कंत्राटदार म्हणतो, मी केला तो रस्ता हा नव्हेच. कोर्टातसुद्धा त्याचं म्हणणं टिकेल.

चहाबाज

'शक्यतो नको' म्हटलेला विषय दुसऱ्याच प्रतिसादात. या संस्थळाची परंपरा राखल्याबद्दल खडीकाकांचं अभिनंदन.

नदीकाठचा

@खडी_मुरूम काका, पाताळेश्वर आणि रस्त्याचा पाया यांची सांगड मला कधी सुचली नव्हती. लेण्याकडे मी जन्मभर पाहतोय ते इतिहास म्हणून, तुम्ही भूगर्भ म्हणून पाहिलंत. खड्ड्यांवरची बंदी तुमच्यापुरती उठवली.

@शुक्रवारपेठी, पोस्टकार्डं जपून ठेवली असतील तर इथे डकवा, नावं झाकून.

तिसरी घंटा

बालगंधर्व रंगमंदिराबद्दल मी लिहायला हवं, तिथल्या विंगेत बराच काळ काढलाय.

भूमिपूजन बालगंधर्वांच्या हस्ते झालं हे वर आलंच. उद्घाटन मात्र त्यांना पाहता आलं नाही. १५ जुलै १९६७ ला ते गेले आणि रंगमंदिर खुलं झालं २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी. यशवंतराव चव्हाण आले होते. उभारणीच्या काळात पु. ल. देशपांड्यांनी त्यात जातीने लक्ष घातलं होतं. रंगमंचाची खोली, मेकअपच्या खोल्या, सेट आत घ्यायची सोय, या गोष्टी नाटक करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिल्या गेल्या, आणि ते आत काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतं. नंतर झालेल्या काही चकचकीत सभागृहांत ट्रक कुठे लावायचा इथपासून बोंब असते. नावं घेत नाही.

आत गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. मध्यंतरात लोक वड्याच्या रांगेकडे धावतात आणि ती पाहायची राहतात. वड्यालाही मी नावं ठेवणार नाही, दौऱ्यावरच्या नटांचं अर्धं जेवण त्यावर झालंय. पण एकदा पाच मिनिटं लवकर जा आणि त्या चित्रांसमोर उभे राहा. एकाच माणसाचे दोन चेहरे आहेत हे सांगितल्याशिवाय लहान मुलांना खरं वाटत नाही.

वर कलादालन आहे. दुपारी प्रयोग नसला की कुणा होतकरू चित्रकाराचं प्रदर्शन आणि अभिप्रायाची वही. खाली तिकीटखिडकीसमोर प्लॅन उघडायच्या (तिकीटविक्री सुरू व्हायच्या) दिवशी सकाळपासून रांग लागायची. ऑनलाइन बुकिंगने ती गेली. रांगेत ओळखी व्हायच्या, भांडणं व्हायची, एक-दोन लग्नंही जमल्याचं ऐकलंय.

२०१८ पासून हे पाडून नवं बांधायचं चाललंय. कलाकारांत दोन तट आहेत आणि दोन्ही बाजूंना माझे मित्र आहेत. एसी नीट नाही, स्वच्छतागृहं जुनी, पार्किंग अपुरं, या तक्रारी खऱ्या आहेत. पण दुरुस्त करता येण्यासारखं पाडायचं कशाला हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. नवीन संकुलात तीन-तीन सभागृहं काढली तरी आजचा हा ध्वनी, हे अंतर, शेवटच्या रांगेतल्याला नटाचा डोळा दिसणं, हे सगळं परत जमेलच याची हमी कोण देणार? खडीकाका, तुमच्या रेकॉन्डोकडून लिहून आणता का?

आणखी एक तारीख. १ ऑगस्ट २०१२. संध्याकाळी या रस्त्यावर एकामागून एक कमी तीव्रतेचे स्फोट झाले, त्यातला एक बालगंधर्वच्या जवळ. काही स्फोटकं सायकलींना लावली होती. एकजण जखमी झाला, त्याहून मोठं काही झालं नाही, हे नशीब. त्यानंतर आवारात पिशव्या तपासणं सुरू झालं. नाटकाच्या बॅगेत बंदूक, सुरा, नकली रक्ताची बाटली असं काय काय असतं, ते दारावरच्या माणसाला समजावण्यात आमचे बॅकस्टेजवाले तरबेज झाले.

घोलेरोडवाली

घोले रस्त्यावर होस्टेलला होते, त्यामुळे हा रस्ता म्हणजे आमचं अंगण. इथे सगळे लेणं आणि नाट्यगृहाबद्दल लिहितायत, पण आम्ही मुली तिथे जायचो ती हाँगकाँग लेनच्या कानातल्यांसाठी. डेक्कनच्या टोकाची ती बोळ. कानातली, पर्सेस, मोबाइलची कव्हरं, आणि भाव करताना 'ताई, शेवटचं सांगा' हे त्यांनी म्हणायचं की आपण, यावरच सगळा खेळ. 'दुकानं बंद झाली तरी' हे धागाकर्त्याचं वाक्य त्या बोळीत कुणाला वाचून दाखवू नका.

दुसरं ठिकाण झेड ब्रिज. कागदोपत्री काकासाहेब गाडगीळ पूल, पण ते नाव रिक्षावाल्याला सांगून पाहा. संध्याकाळी पुलावर दुचाक्या ओळीने लावलेल्या आणि प्रत्येकीवर दोघं, नदीकडे तोंड करून. घरात जागा नाही, बागेत पहारेकरी शिट्टी मारतो, कॅफेत परवडत नाही, मग उरतो पूल. त्यावर नाक मुरडणाऱ्या काकांना आम्ही विचारायचो, तुम्ही तुमच्या वेळी कुठे बसायचात? बहुतेकांचं उत्तर संभाजी बाग असायचं.

घोले रस्त्यावरचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १८९० चं आहे, आधी लॉर्ड रे यांचं नाव होतं. भुसा भरलेले प्राणी, यंत्रांचे नमुने, हस्तव्यवसाय. एकदा पाऊस लागला म्हणून आत शिरले होते, दोन तास रमले. आत माझ्याशिवाय एक आजोबा आणि त्यांचा नातू.

चार_चाकी_एक_रांग

सगळ्यांच्या आठवणी छान. मी आजचं बोलतो. २०१६-१७ च्या सुमारास पदपथ रुंद केले, बसायला बाकं, मुलांना खेळायला काहीबाही, सायकल मार्ग, झाडांभोवती कट्टे. फोटो फार सुंदर येतात. पण गाडी लावायची कुठे? बालगंधर्वला नऊच्या प्रयोगाला यायचं तर सव्वाआठला घिरट्या सुरू. रस्ता केला चालणाऱ्यांसाठी, टॅक्स भरतो गाडीवाला.

पायीपायी

@चार_चाकी_एक_रांग, टॅक्स चालणाराही भरतो, आणि त्याच्या पायांची पार्किंग लागत नाही. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे. आधी संभाजी बाग ते बालगंधर्व एवढं अंतर ती रिक्षाने जायची, कारण पदपथावर दुचाक्या आणि कडा फूटभर उंच. आता मधे दोनदा बाकावर बसून चालत जाते. पुण्यात असे किती रस्ते दाखवाल? आणि आता मागेच मेट्रो आहे, नऊच्या प्रयोगाला तिने या. छत्रपती संभाजी उद्यान नावाचं स्टेशनच आहे, १ ऑगस्ट २०२३ पासून सुरू. छप्पर पुणेरी पगडीच्या घाटाचं. (पगडी चांगली की वाईट हा वाद इथे नको.)

खडी_मुरूम

मेट्रोचा विषय निघालाच आहे तर, ती रस्त्यावरून न जाता नदीकाठाने गेली हे या रस्त्याचं दुसरं नशीब. पाताळेश्वर संरक्षित स्मारक आहे आणि २०१० च्या कायद्याने अशा स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम चालत नाही. रस्त्यावर खांब उभे करायचे म्हटलं असतं तर हे लेणं आडवं आलं असतं. किंमत नदीने मोजली. पात्रालगत खांब आले, त्यावर हरित लवादात दावेही झाले. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या कामाने रस्त्याची जी दशा झाली होती ती आठवा, मग कळेल काय वाचलं.

शुक्रवारपेठी

संभाजी बागेचा विषय तिघांनी काढला आणि तिथल्या पुतळ्याबद्दल कुणीच बोललं नाही. राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा १९६२ पासून तिथे होता. जानेवारी २०१७ मध्ये एका रात्री तो उखडून मुठेत टाकला. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण हे कारण दिलं गेलं. नाटककाराच्या पुतळ्याला बागेतून काढायचं आणि हाकेच्या अंतरावर नाटकांचं गृह, हे काही मला पचत नाही.

संपादक मंडळ

वरच्या विषयावर याआधी झालेले दोन धागे बंद करावे लागले होते. माहिती म्हणून प्रतिसाद ठेवत आहोत. पुढची चर्चा रस्त्यापुरती ठेवावी, ही विनंती.

तिसरी घंटा

संपादकांचा मान राखून एकच वाक्य: बागेत दिवाळीला मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा भरायची, आमच्या वाड्याने तिथे प्रतापगड केला होता आणि पहारेकऱ्याने रात्री त्यावर पाणी मारून तो ओला ठेवला होता, कुणी न सांगता.

सॅन_होजे_व्हाया_शिवाजीनगर

मॉडर्न कॉलेजचा विद्यार्थी, आता बरीच वर्षं बाहेर. डिसेंबरात येतोय, बरोबर दोन मुलं, दोघांचं मराठी बेताचं. त्यांना हा रस्ता चालवत दाखवायचा आहे. मॉलमध्ये नेणार नाही असं बायकोला कबूल केलंय. नटराज टॉकीजच्या जागी मॉल झाला तेव्हापासून त्या कोपऱ्यावर माझा राग आहे. कुठून सुरू करू, किती वेळ धरू?

नदीकाठचा

@सॅन_होजे, शिवाजीनगरकडून सुरू करा, डेक्कनला संपवा. सकाळी आठच्या आत पाताळेश्वरला पोचा, कारण नंतर कॉलेजची मुलं येतात आणि नंदीमंडपात जागा मिळत नाही. मुलांना आधी काही सांगू नका, आत उतरू द्या. वर गाड्यांचा आवाज आणि खाली एकदम गारवा, हे त्यांना आपोआप जाणवेल. खांबांवरच्या छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवायला लावा, मग खडीकाकांचा पाषाण समजावून सांगा. त्रिपुरी पौर्णिमेला आलात तर पणत्या लावलेलं लेणं दिसलं असतं, पण ती साधारण नोव्हेंबरात असते, तुमची हुकेल.

तिथून समाधी मंदिर. शांत असतं, पाच मिनिटं बसा. मग पदपथाने बालगंधर्वकडे, समोर झाशीच्या राणीचा पुतळा. कलादालन बहुतेक सकाळी बंद असेल, तिसरी घंटा यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चित्रं पाहायची सोय होते का ते तेच सांगू शकतील. मुलांचा उत्साह टिकून असेल तर घोले रस्त्यावरून संग्रहालयात आत-बाहेर. टिकून नसेल तर बाग.

बागेनंतर रस्ता सोडा आणि नदीकडे उतरा. भिडे पुलावर उभं राहिलात की एका बाजूला पेठा, दुसऱ्या बाजूला हा सगळा भाग, डोक्यावर मेट्रो. डिसेंबरात पूल कोरडा असतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो आणि वाहिन्यांना बातमी मिळते. पुराची रेघ, भांबुर्डे, पलीकडचं-अलीकडचं, हे सगळं त्या पुलावर उभं राहून सांगणं सोपं जातं, कारण दोन्ही काठ एकदम दिसतात.

दोन-अडीच तास धरा, खाणं वेगळं. खायचं कुठे यावर मी बोलणार नाही. या संस्थळावर खाण्याच्या शिफारशीवरून जेवढी भांडणं झालीत तेवढी पुतळ्यावरूनही झाली नसतील. आणि मुलांना खड्ड्यांची गोष्ट सांगायची असेल तर ती रस्त्यावर सांगू नका, कर्वे रस्त्याने परत जाताना रिक्षात सांगा.

चहाबाज

डिसेंबरात सॅन होजेकर येतायतच तर आपला भेटायचा कट्टा पाताळेश्वरलाच करूया का? शनिवार चालेल का रविवार, ते खाली लिहा. खडीकाका आले तर थर्मास मी आणतो.

खडी_मुरूम

रविवार. आठला म्हणजे आठला.